कानातील यंत्र आणि वैद्याचे पथ्य

रुग्णाने कोणता आहार घ्यावा, किती निद्रा घ्यावी, स्नान उष्णोदकाने करावे की शीतोदकाने, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु 'डॉक्टरसाहेब, येता-जाता गाणे ऐकाले कोनता इअरफोन चांगला?' असे एखाद्या तरुणाने विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण हसून त्यास मोबाइलच्या दुकानाची वाट दाखवितात. फुलसावंगीसारख्या गावी हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. आमचे स्पष्ट मत असे, की हा प्रश्न दुकानदाराचा नसून वैद्याचा आहे. कोणते यंत्र, कोणत्या कानासाठी, किती आवाजाने आणि किती काळ, ही चारही अंगे पथ्यापथ्याच्या कक्षेत येतात. आपण त्यांचे उत्तर दिले नाही तर ते जाहिरात देईल, आणि जाहिरातीस रुग्णाच्या कानाशी काही कर्तव्य नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आयुर्वेद गाणे ऐकण्याच्या विरुद्ध नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात संशोधनासाठी जी सिद्धता सांगितली आहे, तीत औषधे, उपकरणे व परिचारक यांच्याबरोबरच गायन, वादन, गाथा व आख्याने यांत कुशल असलेल्या माणसांचाही समावेश आहे. रुग्णाच्या मनाची प्रसन्नता हा चिकित्सेचा भाग आहे, हे आपल्या शास्त्राने फार पूर्वी मान्य केले आहे. तेव्हा दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईने रात्री राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन ऐकले, किंवा तांड्यावरील तरुणाने आपल्या गोरबोलीतील लेंगी ऐकली, तर त्यात आक्षेपार्ह काहीही नाही.

आक्षेप आहे तो योगाच्या विकृतीवर. चरकसूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात इंद्रियार्थांचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगितले आहेत. मेघगर्जना, नगारे, मोठ्याने केलेला आक्रोश यांचे अतिमात्र श्रवण हा शब्दाचा अतियोग. सर्वथा न ऐकणे हा अयोग. आणि कठोर, भीतिदायक, अनिष्टसूचक शब्दांचे श्रवण हा मिथ्यायोग. वाग्भटाचार्यांनी तर अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात कर्णरोगांचा आरंभ करताना प्रतिश्याय, जलक्रीडा व कर्णकंडूयन यांच्या जोडीला शब्दाचा मिथ्यायोग हा हेतू स्पष्ट नावानिशी दिला आहे. शिवाय सूत्रस्थानात वाताची जी स्थाने गणिली आहेत त्यांत श्रोत्र आहे. आकाशमहाभूतप्रधान इंद्रिय, तेच वाताचे स्थान, आणि त्यावर रोज तासन्‌तास आघात. यातून कर्णनाद, कर्णक्ष्वेड व बाधिर्य उद्भवले तर आश्चर्य कसले? हेतू जुनाच आहे. फक्त तो पूर्वी रणांगणावर भेटत असे, आज खिशात असतो.

हा खिशातील हेतू कसा घडला तेही पाहावे. जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला, आणि चालता-चालता एकट्याने ऐकण्याची सवय जगास लागली. परंतु कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपे, सेल उतरत, आणि सक्तीने का होईना कानाला विसावा मिळे. २००१ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलचा आयपॉड आला. शेकडो गाणी एका डबीत बसू लागली. आपल्या भागात आयपॉड फारसा कोणी पाहिला नाही. येथे ते काम मेमरी कार्डाने केले. मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घ्यावे आणि महिनाभर तीच गाणी ऐकावीत, ही रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. पुढे २०१६ साली मोठ्या कंपन्यांनी फोनमधील इअरफोनचे भोकच काढून टाकण्यास प्रारंभ केला, बिनतारी बड्स आले, आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयपॉडही बंद केला. आज गाण्याचे यंत्र, फोन आणि चित्रपटगृह हे सारे एकच झाले आहे. या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सर्वांत मोठा बदल आवाजाच्या गोडीत झाला नाही, तो काळात झाला. यंत्र आता स्वतः थांबत नाही. थांबायचे ते ऐकणाऱ्याने, आणि तेथेच प्रज्ञापराध शिरतो.

मात्रा आणि काल या दोन शब्दांशी आपला परिचय जुना आहे. आधुनिक ध्वनिशास्त्रही नेमके हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित समजावे. बालकांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित काळ निम्मा होतो. या हिशेबाने ९० डेसिबल आवाज आठवड्यास केवळ ४ तास, ९५ डेसिबल सव्वा तास आणि १०० डेसिबल सुमारे २० मिनिटे एवढाच चालतो. पूर्ण आवाज केलेला फोन कानात १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे फुलसावंगीहून पुसदला एस.टी.ने एकदा जाताना आठवड्याची मात्रा संपून जाते, आणि परतीचा प्रवास अजून शिल्लकच असतो. विषद्रव्याची मात्रा गुंजेत मोजणाऱ्या आपल्या शास्त्राला हा हिशेब समजण्यास कठीण नाही.

आता निवडीकडे वळू. किमतीवरून वा नावावरून यंत्र निवडणे म्हणजे बाटलीच्या रंगावरून आसव निवडणे होय. प्रकृती, देश, काल व व्यवसाय पाहून औषध ठरते. यंत्रही तसेच ठरावे.

एस.टी.ने रोज शाळा-महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी घ्या. गाडीचा खडखडाट मोठा असतो. त्यावर मात करण्यासाठी तो गाण्याचा आवाज वाढवितो. त्याला सैल बसणारे, बाहेरचा गोंगाट आत येऊ देणारे इअरफोन अहितकर होत. कानाच्या मापाचे मऊ रबरी टोप असलेले इअरफोन, अथवा पूर्ण कान झाकणारा हेडफोन त्यास बरा. कारण बाहेरचा आवाज अडला म्हणजे आतला आवाज कमी ठेवता येतो. बाहेरचा गोंगाट यंत्रानेच कमी करण्याची सोय, जिला बाजारात नॉईज कॅन्सलेशन म्हणतात, ती याच कारणाने उपयुक्त आहे. मात्र हाच गुण गाडीतून उतरताच दोष ठरतो. रस्त्यावर चालताना, सायकलवर वा दुचाकीवर कोणतेही यंत्र कानात नको. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून १३ बालके मृत्युमुखी पडली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. श्रोत्र हे केवळ रसास्वादाचे इंद्रिय नाही, ते आपले पहारेकरीही आहे.

शेतकरी व शेतमजुरांसाठी आमचे मत याहून निराळे आहे. निंदणाच्या वा वेचणीच्या वेळी बांधावर ठेवलेला छोटा रेडिओ किंवा स्पीकर सर्वांत उत्तम. दहा बाया एकत्र ऐकतात, बोलणेही बंद पडत नाही आणि कान मोकळे राहतात. आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र ऐकण्यास महागडे यंत्र लागत नाही. फवारणीच्या वेळी मात्र कानात काहीही घालू नये. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधांत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. औषधाचे हात पुनःपुन्हा कानाशी नेणे आणि तेच बड्स घरी लेकराच्या हाती देणे, हा धोका पत्करण्याचे कारणच काय? रात्रीच्या जागलीविषयीही तेच सांगावे लागेल. पैनगंगेच्या या पट्ट्यात रानडुकरे पिकात शिरतात, धुऱ्यावर साप असतो. कान बंद करून जागल करणारा मनुष्य डोळे मिटून राखण करणाऱ्यासारखाच होय. मोठ्याने वाजणारा रेडिओ जागल्यास जागे ठेवतो आणि जनावरासही माणसाची चाहूल देतो. कानातील बड्स यांपैकी दुसरे काम करू शकत नाहीत.

वृद्धांसाठी बटणांचे, गाणी आधीच भरलेले यंत्र सोयीचे पडते. सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवां' आणला तेव्हा जुन्या रेडिओसारखे दिसणारे हे यंत्र घराघरांत आजोबांना भेट म्हणून गेले, ते याच सोयीमुळे. परंतु आजोबा दिवसेंदिवस आवाज वाढवीत असतील तर नवे यंत्र घेण्याचा सल्ला देऊ नये. प्रथम श्रवणपरीक्षा करवावी. त्यांना कदाचित गाण्याच्या यंत्राऐवजी श्रवणयंत्राची गरज असेल.

ज्याच्या कानात स्राव, कंडू वा पाक आहे त्याच्या कानात काहीही बसविणे निषिद्ध मानावे. बंद कानात घामाचा क्लेद साचतो, मळ आत ढकलला जातो, मग कंडू, मग काडीने कोरणे, आणि मग कर्णपाक. ही संप्राप्ती पावसाळ्यात आपण वारंवार पाहतो. अशांना स्पीकर सांगावा. हाडावाटे ध्वनी नेणारे, कानाचे छिद्र मोकळे ठेवणारे बोन कंडक्शनचे यंत्र मिळते; त्याने क्लेद साचत नाही. तथापि त्याचा ध्वनीही अंतःकर्णातच पोहोचतो, म्हणून 'हे कितीही वाजविले तरी चालते' ही समजूत खोटी आहे. लहान मुलांसाठी आवाजास मर्यादा घातलेला हेडफोनच घ्यावा, आणि पालकांनी फोनमधील आवाजमर्यादेची सोय चालू करून ठेवावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी अशा उपकरणांसाठी मानक प्रसिद्ध केले, त्यातही ऐकलेल्या आवाजाची मात्रा मोजणे व आवाज मर्यादित करणे याच सोयी मुख्य आहेत. अनेक फोनांत त्या असतात. आपण केवळ दाखवून द्यायच्या.

सर्वांसाठी सामान्य नियम थोडेच आहेत. यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह पाहावे. आवाज पूर्ण पट्टीच्या साठ टक्क्यांवर नेऊ नये. हातभर अंतरावरील मनुष्याचे साधे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज अधिक आहे असे समजावे. तासाभराने कानास विसावा द्यावा. फोन चार्जिंगला लावलेला असताना तारेचे इअरफोन कानात घालू नयेत. दुसऱ्याचे इअरफोन वापरू नयेत. रबरी टोप काढून धुवावेत व पूर्ण वाळवूनच लावावेत. कानात यंत्र ठेवून झोपू नये.

येथपर्यंत आमचे म्हणणे बहुतेकांस मान्य होईल. पुढील मुद्दा मात्र आपल्याच मंडळीस उद्देशून आहे, आणि तो काहीसा कटू आहे.

अलीकडे 'इअरफोन वापरणाऱ्यांनी रोज कर्णपूरण करावे, म्हणजे कानास बाधा होत नाही' असा उपदेश सर्रास ऐकू येतो. औषधालयांतून तेलाची बाटलीही याच वाक्यासह विकली जाते. चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात नित्य कर्णतर्पणाचे जे फल सांगितले आहे, ते आम्हांस पूर्ण मान्य आहे. वातज कर्णरोग, मन्याग्रह, हनुग्रह यांत त्याचा उपयोग आम्ही स्वतः करतो. परंतु तो दिनचर्येतील विधी आहे, अतियोगाचा परवाना नाही. सर्व चिकित्सेचा आरंभ निदानपरिवर्जनापासून होतो, हे सुश्रुताचार्यांचे वचन आपण प्रथम वर्षापासून घोकले आहे. हेतू चालू ठेवून तेल घालणे म्हणजे भात्याने आग फुंकीत असता वरून पाणी शिंपडण्यासारखे आहे. अंतःकर्णातील श्रवणाच्या सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आणि कर्णपूरणाचे तेल मुळात कर्णपटलाच्या बाहेरच राहते. पटलास छिद्र असेल तर ते घालणेही अहितकर. म्हणून कान तपासल्याशिवाय तेलाची बाटली हाती देऊ नये, ही विनंती औषधालयांच्या मालकांस आम्ही विशेष करून करतो.

दुसरे असे की, 'बहिरेपणा समूळ बरा' अशा आशयाच्या पाट्या व पत्रके आजही कोठे कोठे दिसतात. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत बहिरेपणाचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्या चिकित्सेचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. सारिवादी वटी, इंदु वटी, बिल्व तैल, अपामार्ग क्षार तैल ही औषधे आपल्या हाती आहेत, त्यांचे स्थान आहे; परंतु शब्दाघाताने गेलेले श्रवण परत आणण्याचे वचन त्यांच्या भरवशावर देणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि कायद्यालाही नाही.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एका कानाचे श्रवण अकस्मात, तासाभरात वा एका रात्रीत गेले, तर ती आत्ययिक अवस्था समजावी. जून २०२४ मध्ये प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपले श्रवण असेच एकाएकी गेल्याचे जाहीर केले. वैद्यकीय निदान विषाणुसंसर्गाचे होते, तरी त्यांनी त्याच निवेदनात तरुणांना मोठा आवाज व हेडफोन यांविषयी सावध केले. अशा रुग्णास 'वात आहे, आठ दिवस तेल घाला' असे सांगून परत पाठविणे म्हणजे उपचाराचा काळ वाया घालविणे होय. त्यास त्याच दिवशी यवतमाळ वा नांदेड येथील कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडावे. पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात. पाठविण्याने वैद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, वाढते.

काही बंधू म्हणतील, 'लग्नातल्या डी.जे.ने कान फाटतात, तेथे बिचाऱ्या इअरफोनचे काय?' डी.जे.चा उपद्रव आम्हांसही मान्य आहे, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ यांवर निर्बंध घातलेले आहेत. परंतु डी.जे. वर्षातून काही रात्री वाजतो आणि त्याविरुद्ध तक्रार करता येते. कानातील यंत्र रोज वाजते, शेजाऱ्यास ऐकू येत नाही आणि त्याविरुद्ध तक्रार करणारे कोणी नसते. दुसरे कोणी म्हणतील, 'आमच्याकडे अशी तक्रार घेऊन रुग्ण येतच नाहीत.' ते येत नाहीत, कारण शब्दाघाताची हानी प्रथम उच्च स्वरांत, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होते. अशा रुग्णास आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाही. 'स', 'श', 'फ' यांत गफलत होते. आपल्या ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने तो निर्दोष ठरू शकतो. ऑडिओमेट्री केल्यावरच खरे कळते. रोग दिसत नाही म्हणजे तो नाही, असे होत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रकात, विशेषतः तीस वर्षांखालील रुग्णांसाठी, एक ओळ वाढवावी: कानात यंत्र घालतो काय, दिवसाकाठी किती तास, आणि शांत खोलीत कानात नाद येतो काय. अनिद्रा, शिरःशूल, चिडचिड घेऊन येणाऱ्यासही हे विचारावे. उत्तर ऐकून अनेकदा चिकित्सेची दिशा बदलते. प्रत्येक औषधालयाने काउंटरवर डेसिबल व तासांचा लहान तक्ता मराठीत लावावा आणि कर्णतैलाच्या विक्रीबरोबर 'स्राव किंवा छिद्र नाही ना?' एवढे विचारावे. दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवणदिन असतो. त्या दिवशी तालुक्याच्या शाखांनी एखाद्या शाळेत मुलांना फोनमधील आवाजमर्यादा कशी लावावी हे दाखविले, तर पाच मिनिटांत जे साधेल ते पुढे पाच वर्षांच्या औषधाने साधणार नाही.

रुग्ण आपणांस विचारतो, हा विश्वास आहे. आज तो 'कोणता इअरफोन घेऊ' म्हणतो. त्यास हसून वाटेला लावले, तर काही वर्षांनी तोच रुग्ण 'काय म्हणता डॉक्टरसाहेब, ऐकू नाही येत' म्हणत समोर बसेल, आणि तेव्हा आपल्यापाशी सांगण्यासारखे फारसे उरलेले नसेल.